नाल्याअलीकडचं नेट

बसा, चहा ओततोय. पण एक अट आहे, मध्ये हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, सगळ्यांनी मिळून, मला वगळून. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नेटचं बिल भरताना लोक ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतात ना, तो माणूस म्हणजे मी. मनातल्या मनात तरी कसलं? शिर्के वहिनी जिन्यात गाठून तोंडावर घालतात.

आणि गंमत काय, मी भाव वाढवायला गेलेलोच नव्हतो. मी भाव पाडायला गेलेलो!

तर ऐका. आम्ही सावंत, मूळचे कणकवलीकडचे, पण आता डोंबिवली पूर्वेत पार मुरलेलो. सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कंपनीत गेली, पर्चेस डिपार्टमेंटला. आता रिटायर झालोय, पण पर्चेसवाला माणूस रिटायर होत नाही हो. समोरच्याने आकडा सांगितला की माझी मान आपोआप नकारार्थी हलते. मागे डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजून आकडा सांगितला, तेव्हा मी सवयीने म्हणालेलो, "एवढं नाही हो, काहीतरी कमी करा." डॉक्टर अजून माझ्याकडे संशयाने बघतात.

असा मी, आणि माझ्याच घरात नेट मात्र समोरचा सांगेल त्या भावाने. आहे की नाही लाज?

पण करणार काय? आमच्याकडे नेट म्हणजे जनूशेठ भोईर. माणूस इथला जुना. आमचं कॉम्प्लेक्स उभं आहे तिथे त्याच्या आजोबांची भातशेती होती. शेतात बिल्डिंगी उगवल्या, मग जनूशेठने बिल्डिंगींवर केबल टाकली, आणि केबलच्या जागी आता नेट. अंगाने धिप्पाड, शर्ट पांढरा, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, पण आवाज इतका मऊ की भाव वाढल्याचं सांगताना तो आपलं सांत्वन करतोय असं वाटायचं. दरवर्षी भाव वाढायचा. स्पीड मात्र जिथल्या तिथे. तक्रार केली की म्हणायचा, "साहेब, नसंल परवडत तर बंद करा. जबरदस्ती नाय."

मी मोठमोठ्या कंपन्यांना फोन लावले. फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगायची, सर, तुमच्या एरियात आम्ही आहोत. मग त्यांचा माणूस यायचा, बिल्डिंगला एक चक्कर मारायचा, गेटवर कुणाशी तरी दोन शब्द बोलायचा आणि परत येऊन म्हणायचा, सर, इथे नाही होणार. का नाही होणार? टेक्निकल आहे सर. प्रत्येकाचं टेक्निकल गेटवरच कसं निघायचं ते देव जाणे.

आता आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे एक नाला आहे. नाल्यापलीकडे दुसरा नेटवाला, बाळादादा मढवी. नाला एवढासा, शाळेतलं पोर उडी मारून पार करेल. पण बाळादादाची वायर काही तो नाला ओलांडत नव्हती. मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं, बाबा रे, मला कनेक्शन दे. तर त्याने दोन्ही हात जोडले. म्हणाला, "नाल्याच्या अल्याड जनूचा एरिया. तिथं आपला पाय पडनार नाय."

मला वाटलं, दोघांची दोस्ती असणार. छे! दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. गावच्या क्रिकेट टूर्नामेंटच्या बॅनरवर बाळादादाचा फोटो जनूशेठच्या फोटोपेक्षा लहान छापला गेलेला. बस्स! तेव्हापासून बोलणं बंद, जाणं-येणं बंद, एकमेकांच्या हद्दीत पाऊल बंद. आणि दोघांचा भाव मात्र रुपयाने इकडे नाही की तिकडे नाही, अगदी एक. बोलत नाहीत, पण भाव बरोबर जुळतो! मी बाळादादाला विचारलं, हे कसं काय? तो म्हणाला, जनू वाढवतो तवा मी वाढवतो, मी कशाला मागं राहू?

म्हणजे बघा, हे दोघं भांडलेले आणि भुर्दंड आम्हाला.

तरी मी गप्प बसलो असतो. पण आमच्या घरात पेटली ती पेटीवरून. माझी बायको नंदा पेटी शिकवते, ऑनलाइन. तिचे विद्यार्थी कुठे कुठे आहेत, पुण्यात, बंगलोरला, एक तर सिंगापूरला. दुपारी चारला बाई पेटी घेऊन लॅपटॉपसमोर बसायची, छान सा रे ग म सुरू व्हायचं आणि वरच्या सा ला नेट अडकायचं. तिकडे मुलांना दिसायचं काय, तर बाईंचं उघडं तोंड. सिंगापूरच्या पोराने त्याचा फोटो काढून बाईंच्या वाढदिवसाला भेट म्हणून पाठवला. नंदा त्या दिवशी माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही. जसं काही नाला मीच खणलाय.

त्यात माझा साडू विलास. राहतो ठाण्याला, खोपटला. फोन करून मुद्दाम विचारायचा, काय सावंत, नेट कसं काय? त्याच्या बिल्डिंगमध्ये म्हणे चार-चार नेटवाले दारात उभे. एक म्हणतो भाव कमी करतो, दुसरा म्हणतो वर पिक्चरचे चॅनल फुकट देतो. मी महिन्याला आठशे देतो, त्याच्या निम्म्या पैशात त्याच्याकडे वाऱ्यासारखं नेट. आणि हे सांगताना तो हळूच जोडायचा, "तू तर पर्चेसमध्ये होतास ना रे?"

अहो, अंगाचा तिळपापड झाला माझा.

मग एक दिवस नंदाने शांतपणे सांगितलं. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. पण ती शांतपणे म्हणाली की ताईने तिची मागची खोली रिकामी केली आहे. हळदीकुंकवाचे दिवस संपेपर्यंत आपल्याकडे नेट धड झालं नाही, तर मी क्लास खोपटला हलवते. रोज दुपारी जाईन, संध्याकाळी येईन.

म्हणजे माझ्या बायकोचं गाणं साडूच्या घरात, साडूच्या नेटवर! आणि दुपारचा चहा मी माझा करून घ्यायचा? मी छाती ठोकून म्हटलं, नंदा, साडूपेक्षा एक रुपया तरी कमी भावात तुला नेट आणून देतो. नाही दिलं तर ही पेटी मी माझ्या खांद्यावरून खोपटला पोचवीन.

आता माझी पर्चेसमधली विद्या बाहेर आली. आमच्याकडे एक पद्धत होती. सप्लायर अडून बसला की त्याला आणि त्याच्या वैऱ्याला एकाच वेळी बोलवायचं, आणि एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवायचं. आपण काही बोलायचं नाही. नुसतं पेन उघडून बसायचं. बाजूला वैऱ्याचा श्वास ऐकू येतो ना, त्याने माणसाचा भाव उतरतो. आणि भाव उतरायला लागला की पर्चेसवाल्याने तोंडाला कुलूप लावायचं. हा आमच्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. तीस वर्षं मी तो पाळला.

मी जनूशेठला सांगितलं, रविवारी संध्याकाळी घरी या, सगळ्या सोसायटीचा ठेका द्यायचाय, बाळादादा येतोय. बाळादादाला सांगितलं, जनूशेठ येतोय, तुम्ही भ्यालात असं म्हणत होता. दोघंही फोनवर एकच बोलले, येतो.

फक्त एक घोटाळा झाला. त्याच रविवारी संध्याकाळी नंदाचं हळदीकुंकू होतं. तिने मला म्हणे तीनदा सांगितलेलं. सांगितलं असेल हो, पण मी तेव्हा डावपेच आखत होतो ना!

रविवारी बघतो तर हॉलमध्ये बायकाच बायका. अत्तर, हळद, नव्या साड्या, गजरे. पुरुषाला उभं राहायला जागा नाही आणि राहणं शोभतही नाही. आणि दारात जनूशेठ, पांढरा शर्ट, मागे आपलीही साखळी सावरत बाळादादा. मी दोघांना भराभर आतल्या बेडरूममध्ये नेलं. तिथे पलंगावर नंदाने बायकांना वाण म्हणून द्यायच्या चहाच्या गाळण्या रचून ठेवलेल्या. त्या बाजूला सरकवल्या आणि पलंगाच्या काठावर दोघांना शेजारी बसवलं. बाक नव्हता, पलंग तर पलंग. मध्ये जेमतेम एका गाळणीची जागा. हॉल आणि बेडरूममध्ये नुसता पडदा.

मी खुर्ची ओढली, पेन उघडलं आणि गप्प बसलो.

सुरुवातीला दोघंही समोरच्या कपाटाशी बोलत होते. जनूशेठ कपाटाला म्हणाला, "याला कोनी बोलावला?" बाळादादा कपाटाला म्हणाला, "मना सायबांनी बोलावलंय. इथं कुनाच्या बापाचं राज्य हाय?" मी गप्प. मग जनूशेठने घसा खाकरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला की साहेब, तुमच्यासाठी म्हणून शंभर कमी.

अहो, मला कानावर विश्वास बसेना. जनूशेठच्या तोंडून "कमी" हा शब्द कॉम्प्लेक्समध्ये कुणी ऐकला नव्हता. पलीकडे हॉलमधल्या बायका पडद्याजवळ सरकल्या.

बाळादादा म्हणाला, मी दोनशे कमी. जनूशेठ म्हणाला, अडीचशे. बाळादादा म्हणाला, बसवायचे पैसे नाय. जनूशेठ म्हणाला, माझे कधी होते? होते हो, चांगले घेतलेले, पण मी गप्प! कुलूप म्हणजे कुलूप. पडद्याआडून शिर्के वहिनींचा आवाज आला, "भावोजी, सोडू नका." मग हॉलमध्ये दबक्या आवाजात प्रत्येक नवा आकडा एकीकडून दुसरीकडे जायला लागला. कुणीतरी उखाणा घेत होती, ती मध्येच थांबली. नवऱ्याचं नाव राहिलं आणि तिच्या तोंडून "साडेचारशे" बाहेर पडलं.

दोघांना घाम फुटलेला. बाळादादा गाळणीने वारा घेत होता, त्याला कळतही नव्हतं की ती गाळणी आहे. चारशे. पावणेचारशे. साडूचा भाव मागे पडला! मी मनात विलासला फोन लावलासुद्धा. आता बाळादादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तीनशे. नि स्पीड डबल. बोल, हाय दम?"

जनूशेठपण उठला. पलंगाने सुटकेचा आवाज केला. दोघांच्या छात्या एकमेकींना भिडल्या, साखळीला साखळी अडकते की काय अशी वेळ. जनूशेठच्या नाकपुड्या फुलल्या. त्याच्या ओठांवर "दोनशे" आलेलं मी डोळ्यांनी बघत होतो. दो... असं तोंड झालेलं त्याचं. देवाशप्पथ.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तिसरा मी होतो! मला फक्त गप्प बसायचं होतं. आणखी क्षणभर. तीस वर्षं बसलो तसं.

पण घर माझं, आणि दिवस संक्रांतीचे. घरात सवाष्णी बसलेल्या आणि दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. आपल्यावर संस्कार कसले झालेले असतात? हात डोक्याला न विचारता चालतो हो. माझा हात टेबलावरच्या डब्याकडे गेला आणि मी दोघांच्या मध्ये डबा धरून म्हणालो, "अहो, सणासुदीचं भांडताय काय? तिळगूळ घ्या आणि गोड बोला."

बोललो आणि जीभ चावली. पण जीभ चावून काय उपयोग?

आता तुम्ही सांगा, समोर तिळगूळ धरल्यावर आपल्याकडे कुठला माणूस नको म्हणतो? वैऱ्याने दिला तरी हात पुढे होतो. जनूशेठने एक लाडू उचलला. बाळादादाने एक उचलला. खोलीत नुसता तीळ चावल्याचा आवाज. लाडू नंदाने जरा कडक केलेले, त्यामुळे दोघांना बराच वेळ बोलता येईना, आणि तेवढ्या वेळात राग उतरला. मग बाळादादा, वयाने लहान ना तो, खाली वाकला आणि त्याने जनूशेठच्या पायाला हात लावला.

झालं! जनूशेठ ढसाढसा रडायला लागला. एवढा मोठा माणूस, माझ्या पलंगावर बसून, गाळण्यांमध्ये. बाळादादाच्या पाठीवर थापा मारत म्हणाला, "अरं, फोटो मी नव्हता लहान केला. छापनाऱ्याने केला. तुला किती सांगू?" बाळादादा म्हणाला की मी पण मूर्खच, पोरांचं चांगलं जमलेलं मोडून बसलो.

मी म्हटलं, पोरांचं काय जमलेलं? तर बॅनरच्या भानगडीआधी जनूशेठच्या मुलाचं आणि बाळादादाच्या मुलीचं लग्न बोलण्यात होतं. फोटो लहान झाला आणि सोयरीक मोडली. आता माझ्या बेडरूममध्ये ती पुन्हा बोलली जात होती. लग्न कधी, मंडप कुठे, हळदीला किती माणूस.

मी पेन घेऊन बसलेलो. शेवटी मीच घसा खाकरून म्हटलं, मग जनूशेठ, तीनशे धरू ना? जनूशेठने डोळे पुसले आणि त्या मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, आता कसला भाव? आता एक घर झालं. घरातल्या घरात भांडायचं कशाला?"

पडद्याची एक कड बाजूला झाली. मग शिर्के वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तिळगूळ उद्या दिला असता तरी चाललं असतं."

दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले. नंदाने रीत म्हणून दोघांच्या हातात एकेक गाळणी दिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. अजिबात नाही.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. अहो, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मारुती अजून उडायचा होता!

पुढच्याच महिन्यात नाल्यावर पूजा झाली. नारळ फुटला. जनूशेठची वायर पलीकडे गेली, बाळादादाची अलीकडे आली, आणि मध्ये दोघांची गाठ मारून वर झेंडूची माळ. धंदा एक, नाव एक, आणि भाव पण एक. वाढवलेला. म्हणजे अलीकडे पलीकडे कुठेच दुसरा नेटवाला उरला नाही. मी तडक जनूशेठकडे गेलो, चांगला तावातावाने. म्हटलं, हे काय चाललंय? त्याने मला खुर्ची दिली, थंड पाजलं, म्हणाला, "लग्नाचा खर्च हाय ना साहेब, समजून घ्या." आणि लग्नाचं आमंत्रण माझ्या हातात ठेवलं. हळदीला तुम्ही पायजेच, पहिला मान तुमचा.

मी भांडायला गेलेलो तो आमंत्रण घेऊन परत आलो.

हळद बघितली आहे का आमच्याकडची? मैदानभर मंडप, बँजो, मटणाचे टोप, अख्खं गाव. जनूशेठने आमचं अख्खं कॉम्प्लेक्सही बोलावलेलं. सगळे आलेले, कारण त्यांचं म्हणणं, पैसे आमचेच आहेत, जेवून तरी येऊ. आणि भर बँजोमध्ये जनूशेठने गाणं थांबवलं, माइक घेतला आणि जाहीर केलं की ही मोडलेली सोयरीक सावंत साहेबांनी जुळवली, हा माणूस देवमाणूस हाय. मला स्टेजवर नेलं. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. नवरा-नवरीने पाया पडून नमस्कार केला. समोर पहिल्या रांगेत आमची सोसायटी मटण खात माझ्याकडे बघत होती. शिर्के वहिनींनी नळी अशी फोडली की मला माझं हाड मोडल्यासारखं वाटलं.

पण खरं सांगू? लाज वाटली, आणि बरंही वाटलं. तीस वर्षं मी कंपनीचे लाखो वाचवले, पण कुणी मला साधा गुलाब दिला नव्हता. सप्लायर शिव्या द्यायचे, मालक म्हणायचा अजून कमी कर. आणि इथे एक तिळगुळाचा लाडू दिला तर फेटा! माणूस आहे मी शेवटी.

तिथेच स्टेजवर जनूशेठ माझ्या कानाला लागला. म्हणाला, साहेब, तुमच्या घरचं नेट आजपासून फुकट. जन्मभर. सगळ्यात वरचा स्पीड.

आता बोला! नंदाचा क्लास, पेटी, वरचा सा, सिंगापूरचं पोर, सगळं एका फटक्यात सुटत होतं. खालून नंदा बघत होती. तिने त्याच्या ओठांवरून ओळखलं असावं, कारण तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला.

आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? "जनूशेठ, माफ करा. सप्लायरकडून मी कधी काही घेतलेलं नाही."

पर्चेसमधल्या माणसाचं तत्त्व असतं हो! जिथे गप्प बसायचं तिथे बोललो, आणि जिथे हो म्हणायचं तिथे बाणेदारपणा केला. जनूशेठचे डोळे पुन्हा भरले. म्हणाला, असा माणूस आता मिळत नाय. आणि पुढच्या महिन्यात वाढलेलं बिल वेळेवर माझ्या हातात दिलं.

नंदा हळदीवरून घरी आली आणि तिने पेटीला कापड गुंडाळलं. मीच ती पेटी खांद्यावर घेतली, रिक्षा केली, ठाण्याला उतरलो, आणि खोपटला साडूच्या तिसऱ्या मजल्यावर चढवली. लिफ्ट नेमकी बंद. विलासने दार उघडलं, मला घामाघूम बघितलं आणि पाणी द्यायच्या आधी आपल्या नेटचा स्पीड दाखवला. आता नंदा रोज दुपारी तिकडे जाते. तिचा वरचा सा अगदी मोकळा लागतो म्हणे. विलास मला फोन करून ऐकवतो.

आणि मी दुपारी एकटा. हा चहा मीच करायला शिकलो, पत्ती जरा जास्त पडते, पण प्या.

परवा असाच चहा गाळत होतो आणि फोन वाजला. टिटवाळ्याहून कुणी नेटवाला बोलत होता. जनूशेठकडून नाव मिळालं म्हणाला. त्याची तक्रार अशी की त्यांच्याकडे तो आणि आणखी एक असे दोन नेटवाले आहेत आणि दोघांचं अजिबात पटत नाही. नव्या टॉवरमध्ये एकमेकांच्या वर वायर टाकतात, रोज भाव पाडतात. पब्लिकला नेट जवळजवळ फुकट मिळतंय, मजा मारतायत लोक, आणि हे दोघं धंद्यात मरतायत. "साहेब," तो म्हणाला, "मला मुलगा हाय, त्याला मुलगी. तुम्ही तेवढी एक कोटेशनची मीटिंग लावून द्या ना."

माझं डोकं असं सणकलं! म्हटलं, याला आता चांगला झाडतो. टिटवाळ्याच्या त्या बिचाऱ्या लोकांच्या सुखात मी माती कालवू? ज्याच्यामुळे माझी बायको रोज ठाण्याला जाते, तेच दुसऱ्याच्या घरात करू? मी गॅस बंद केला. घसा साफ केला. पर्चेसमध्ये सप्लायरला हाकलताना लावायचो तो ठेवणीतला आवाज लावला, आणि म्हणालो,

"मुलगी काय शिकलीय?"